हलगीमागचा चेहरा

उंब्रजहून तारळीच्या काठाकाठानं पालला गेलं, की खंडोबाच्या संसारातच आपला सगळा मुलूख भेटतो. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नात भंडारा उधळला, की कोण कुठल्या आळीचा हे पिवळ्याधमक अंगावरून ओळखता येत नाही.

पन्नास-साठच्या दशकांतल्या मराठी ग्रामीण चित्रपटात मात्र गाव अर्धंच आलं. वाडा आला, पाटील आला, तमाशाचा फड आला. हलगी कडाडली, पण ती वाजवणाऱ्याच्या घरी चूल पेटली का, हे पाहायला कॅमेरा गावकुसाबाहेर क्वचितच गेला.

याउलट, १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’ या इंग्रजी चित्रपटात पॉल रोबसन हा काळा अमेरिकी गायक-नट वेल्सच्या खाणकामगारांच्या वस्तीत येतो. त्याचा खर्जातला आवाज तिथल्या गायकवृंदाला हवा असतो, आणि त्या आवाजामागोमाग माणूसही आत घेतला जातो. शेवटी इतरांसाठी मरतो तोच, हे मला आजही खुपतं. पण तिथं परका माणूस गाण्यामुळे आपला झाला. इथं पिढ्यान् पिढ्या गावाचाच असलेल्या माणसाचं वाजवणं तेवढं आत आलं आणि तो वेशीबाहेर राहिला.

म्हणून १९६३ चा ‘फकिरा’ हा चित्रपट मला मोलाचा वाटतो. उंब्रजहून महामार्गानं कराड ओलांडून वाळवा तालुक्यात शिरलं, की आडबाजूला अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगाव. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या या माणसानं १९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला वाहिली. तिचा नायक मांग आहे. इंग्रजी अंमल त्याच्या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारून हजेरी लावतो, दुष्काळ पोरंबाळं खातो, आणि तो भुकेल्यांसाठी खजिना लुटतो. दयेची याचना तो कुठंच करत नाही. कुमार चंद्रशेखर यांनी ही कथा पडद्यावर आणली, तेव्हा कथेतल्या सावळाच्या भूमिकेत खुद्द अण्णा भाऊच उभे राहिले. मांगवाड्यात जन्मलेल्या लेखकानं आपल्याच माणसाचं रूप घेऊन कॅमेऱ्यासमोर यावं, ही मराठी चित्रपटाच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे, आणि आपण तिची पुरेशी आठवण ठेवलेली नाही.

१९६९ साली अण्णा भाऊ गेले. पुढे २०१३ च्या ‘फँड्री’ चित्रपटासाठी नागराज मंजुळे यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात हलगी वाजवताना पाहिलेला पोरगा, सोमनाथ अवघडे, थेट नायक म्हणून घेतला. ‘फकिरा’ चित्रपटाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.