अकरा वर्षांची चाकरी

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या घरात घड्याळाला काही अर्थ उरत नाही. आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत, दुसरीच्या हाती रत्नागिरीजवळची हापूसची बाग. शाळा या दिवसांत सकाळची, त्यातच वार्षिक परीक्षा तोंडावर. आणि आंबा चौदा आणे तयार झाला की तो कोणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. घरात दोन मुले, थकलेल्या अम्मी. बागेत कामाला दोन नेपाळी भाऊ आणि गावातले तीन गडी. राखणीला शेरू आणि बिजली हे दोन कुत्रे. यंदाच्या हंगामातला एक आठवडा मात्र या कुत्र्यांमुळेच लक्षात राहिला.

सोमवारी फज्रची नमाज आटोपून तोडणी सुरू केली. आंबा झेल्याने देठासकट उतरवावा लागतो. देठ तुटला तर चीक फळावर उतरतो, डाग पडतो आणि फळाचा भाव जातो. ही काळजी आम्ही घ्यायची आणि वानरांची टोळी येऊन एक फळ चावून दहा खाली टाकणार! बिजली आल्यापासून त्यांना जरा वचक आहे. रात्री रानडुकरे आणि चोर यांची चाहूलही तिलाच आधी लागते. तिच्याआधी नऊ वर्षे हे काम एकट्या शेरूने केले. आता तो अकरा वर्षांचा आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, कान जवळजवळ गेलेले, मागचे पाय धरलेले. दिवसभर तो फाटकापाशी फणसाच्या सावलीत पडून असतो.

मंगळवारी मुंब्र्याहून चाचा-चाची आले. अंगणात पाय ठेवताच चाचा म्हणाले, “मुसलमानाच्या दारात दोन-दोन कुत्रे?”

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. शेतीची किंवा गुरांची राखण आणि शिकार याखेरीज कुत्रा बाळगणाऱ्याच्या पुण्यातून रोज घट होते, अशी हदीस आहे. त्याच हदीसमध्ये ही सूटही आहे आणि आमची बाग त्या सुटीत बसते. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. कुत्र्याचे तोंड लागलेले भांडे सात वेळा धुवायचे, त्यांतील एकदा मातीने, हे घरातल्या लहानग्यांनाही पाठ आहे. म्हणून कुत्र्यांची भांडी वेगळी, ती घासायची जागा वेगळी, निजायची सोय बाहेर मांगरात. उंबऱ्याच्या आत त्यांना येऊ देत नाही. मुलांचे नमाजचे कपडे कपाटात असतात, बागेतले खुंटीवर. एवढी शिस्त पाळली की कुत्रा आणि नमाज दोन्ही एकाच वाडीत नीट नांदतात.

हे सारे चाचांनी ऐकून घेतले. रात्री जेवताना मात्र ते म्हणाले, “बिजलीचं मान्य. पण त्या म्हाताऱ्याचं काय? सूट राखणीसाठी आहे ना? राखण संपली, सूट संपली. बंदरावर सोडून या, मासळीवर जगेल.”

आमच्या मुलाने हातातला घास ताटात ठेवला. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही. चाचा दुष्टपणाने बोलत नव्हते. ते आमच्याच नियमाचे बोट धरून आम्हाला पुढे नेत होते आणि त्यांच्या बोलण्यात तर्क होता.

बुधवारी शाळा सुटल्यावर दोघांनाही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. रेबीजची लस दरवर्षी टोचतो. मुले असलेल्या घरात यात टाळाटाळ चालत नाही. तरीही कोणाला कुत्रा चावलाच, तर जखमेवर चुना-मिरची न लावता ती साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे आम्ही शाळेतही सांगतो. डॉक्टरांनी शेरूचे सांधे तपासले, गोळ्या दिल्या आणि मऊ भात घालायला सांगितला. बंदराची गोष्ट काढल्यावर ते म्हणाले, “तिथली कुत्री याला एक रात्र टिकू देणार नाहीत. आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं 1960 च्या कायद्यानेही गुन्हा आहे.”

कायद्याचे उत्तर मिळाले, पण चाचांचा प्रश्न शरीअतचा होता. म्हणून गुरुवारी इशानंतर आमच्या मशिदीच्या मौलानांना विचारले. त्यांनी एका बागेचीच गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले, तेव्हा तिथल्या उंटाने त्यांना पाहून अश्रू ढाळले. प्रेषितांनी (स.) त्याला कुरवाळले, मालकाला बोलावले आणि या मुक्या जिवाबद्दल अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले, कारण मालक त्याला उपाशी ठेवून राबवत होता. मौलाना म्हणाले, “काम करून घेताना पोट भरणं जर आपल्यावर बंधन आहे, तर काम करून घेतल्यावर त्याला हाकलायची परवानगी कुठून येईल? नवा कुत्रा हौसेसाठी आणू नका. पण जो राबून म्हातारा झाला, त्याचं अन्नपाणी तुमच्याकडे लागतं.” तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीसही त्यांनी सांगितली. त्या कुत्र्याने त्या माणसाची कुठली राखण केली होती?

शुक्रवारी नेहमीप्रमाणे घरात सूरह कहफचे पठण झाले. अर्थ वाचून दाखवताना मुलीने विचारले, “गुहेतल्या त्या कुत्र्याने काय काम केलं?” आम्ही पुन्हा पाहिले. कुरआनात एवढेच आहे की तो उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून होता. गुहेतले लोक किती, याबद्दल नंतरच्यांत वाद झाला. कोणी तीन म्हणाले, कोणी पाच, कोणी सात. पण प्रत्येक मोजणीत शेवटी त्यांचा कुत्रा धरलेला आहे. चाचा कोपऱ्यात तसबीह घेऊन बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण लक्ष इकडेच होते.

शनिवारी चाळीस पेट्या भरून वाशीच्या गाडीत चढवल्या. हात चिकाने काळे, पाठ मोडलेली, त्यात शाळेचे पेपर तपासायचे राहिलेले. चाचींनी सकाळीच शेरूचा भात मऊ शिजवून ठेवला होता. त्या कामात आम्हाला त्यांनी हात लावू दिला नाही. निघताना चाचा म्हणाले, “बंदराचं राहू द्या. पण उंबऱ्याच्या आत घेऊ नका.” आम्ही म्हटले, “चाचा, ते तर आजवर कधी घेतलं नाही.” त्यांच्यासोबत दोन डझनांची पेटी दिली.

रविवारी हिशेबाची वही काढली. मजुरी, पेंढा, खोकी, गाडीभाडे, बिजलीची लस असा बागेचा खर्च मांडत गेलो. शेरूच्या गोळ्या कुठे लिहायच्या, यावर दोघे थोडे अडखळलो. घरखर्चात लिहिले तर तो हौसेचा कुत्रा ठरणार. मास्तर नोकरी करून निवृत्त झाला की सरकार त्याला पेन्शन देते, मग नऊ वर्षे एकट्याने बाग राखणाऱ्याला बागेने काही द्यायला नको का? आम्ही बागेच्या खर्चातच नवी ओळ घातली: “शेरू, पेन्शन.” अम्मींना वाचून दाखवले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “दरमहा वेळेवर द्या म्हणजे झालं.”