गुळवेल आणि माझी प्रतिकारशक्ती

करोनाच्या पहिल्या वर्षी ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी बसला आणि त्याला एकच क्रियापद चिकटले : वाढवणे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक संदेशात काढा, हळद आणि गुळवेल. आम्ही बर्मिंगहॅमकरही त्यातून सुटलो नाही. पुढे विहारात जाणे-येणे सुरू झाल्यावरही, वंदना आटोपली की गुळवेलीच्या गोळ्या कोठे मिळतात ही चर्चा हमखास होई. माझा प्रश्न मात्र निराळा होता. गेली नऊ वर्षे मला आमवात आहे. माझी प्रतिकारशक्ती दुबळी नाही. ती माझ्याच सांध्यांना परके समजून त्यांच्यावर चालून जाते. दर आठवड्याला मी मेथोट्रेक्सेट घेते, ते तिला आवरण्यासाठी.

सासूबाई नागपूरहून आल्या, तेव्हा अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचे चूर्ण घेऊन आल्या. “कडू आहे म्हणून टाळू नको, पोरी,” असे म्हणत त्यांनी डबी माझ्या हाती दिली.

त्यांच्या विश्वासाला आधार नाही असे नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या वेलीवर अनेक वर्षे काम केले. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना गुळवेलीच्या अर्काची जोड मिळालेल्या गटात रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे कोणातही दिसली नाहीत. दुसऱ्या गटात ती निम्म्या रुग्णांत दिसली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी वेलीतील एक बहुशर्करा वेगळी केली. प्रतिकारपेशींवरचा जो ग्राहक एरवी जिवाणूंची चाहूल घेतो, त्यालाच ती चेतवते असे त्यांना आढळले. म्हणजे वेलीत गुण आहे, आणि मला भीती वाटते ती त्या गुणाचीच.

ती निराधार नाही. २०२०च्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा होऊन आले. २०२२ साली देशभरातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अनेकांच्या यकृतातील दाह स्वयंप्रतिकार विकारासारखा होता, आणि काहींना असा विकार आधीपासूनच होता. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी, विषारी जात वापरली गेली असावी. असेलही, पण डबीतल्या चूर्णावरून वेलीची जात ओळखणार कोण? लक्षावधी लोकांनी गुळवेल घेतली, त्यात हे रुग्ण थोडेच, हेही खरे. परंतु त्या थोड्यांत मोडण्याची शक्यता माझ्यासारखीची अधिक. शिवाय मेथोट्रेक्सेटमुळे माझ्या यकृताची रक्ततपासणी तशीही ठरावीक काळाने करावीच लागते.

हे सारे मी सासूबाईंना एका संध्याकाळी सांगितले. “आई, माझ्या घरचा राखणदारच घरच्यांना झोडपतोय. त्याला आणखी चिथवून कसं चालेल?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटले, दुखावल्या. मग त्यांनी विचारले, “आणि माझं थायरॉइड? तेही असंच असतं का गं?”

पुष्कळदा असते. त्या स्वतः तीन वर्षांपासून रोज सकाळी गुळवेल घेत होत्या. नागपूरला परतल्यावर डॉक्टरांना विचारून यकृताची तपासणी करायची आणि तोवर चूर्ण बंद ठेवायचे, असे आमचे ठरले. कडुनिंबावरची वेल मात्र कोणी तोडायची नाही, असे त्यांनी त्याच रात्री फोनवरून माझ्या दिरांना बजावले.