क्षुल्लक चोरी

वर्तमानपत्र उघडलें कीं दरोडे, खून व लाखों रुपयांचे अपहार यांच्या बातम्या ठळक अक्षरांत आढळतात. त्या वाचून आपण क्षणभर हळहळतों आणि पान उलटतों. परंतु ज्या चोरीची बातमी कोणतेंच वर्तमानपत्र छापीत नाहीं, जिची फिर्याद घेऊन गेलेला मनुष्य बहुधा रिकाम्या हातीं परत येतो, आणि जिला ठाण्यावरील अंमलदारापासून पारावरच्या रिकामटेकड्यापर्यंत सर्वजण ‘क्षुल्लक’ हें एकच विशेषण लावितात, त्या चोरीविषयीं चार शब्द लिहावे असें कित्येक दिवसांपासून माझ्या मनांत घोळत होतें.

आमचें रनाळें हें नंदुरबार तालुक्यांतील गांव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार व दोंडाईचें यांच्या दरम्यान आमचें स्टेशन आहे. गांवचें पोट शेतीवर व शेतमजुरीवर. तेव्हां चोरीस जाणाऱ्या वस्तूही तशाच. कोठें विहिरीवरील मोटारीची वायर, कोठें ठिबकाच्या नळ्या, कोठें खळ्यांतलें मिरचीचें पोतें, तर कोठें घरामागें बांधलेली शेळी. सावकाराची तिजोरी फोडण्याइतका मोठा चोर आमच्याकडे सहसा फिरकत नाहीं.

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस आमच्या काकांच्या विहिरीवरील वायर अशीच गेली. सुमारें दीडशें फूट तांब्याची वायर चोरानें रातोरात तोडून नेली. सकाळीं पलीकडच्या नाल्यांत जळक्या प्लॅस्टिकची काळी राख तेवढी सांपडली. अशी वायर जाळून तिचें आवरण काढून टाकतात व आंतील तांबें वजनावर भंगारांत विकतात. चोरास फार तर हजार-बाराशें रुपये मिळाले असतील. काकांस मात्र नवी वायर घेण्यास साडेचार हजार रुपये पडले. पण नुकसानाचा हिशेब येथें संपत नाहीं. बागाईत कपाशीचे कोंब नुकतेच वर आले होते. पैशांची जुळवाजुळव होऊन नवी वायर बसेपर्यंत पांच दिवस गेले, आणि खानदेशांतील मे महिन्याच्या उन्हांत पाण्यावांचून पांच दिवस म्हणजे काय हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. अर्धे कोंब करपले. बियाणें पुन्हा आणावें लागलें.

काका मला बरोबर घेऊन पोलिस ठाण्यावर गेले. तें ठाणें कोणतें हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. मुख्य अधिकारी कसल्याशा बंदोबस्तास गेले होते. दोन तास बांकावर बसल्यावर हवालदारांनीं आम्हांस जवळ बोलाविलें.

“किती रुपयांचा माल?”

“साडेचार हजारांचा, साहेब.”

“पावती आहे?”

“तीन वर्षांची जुनी वायर. पावती कोठली राहणार?”

“संशय कोणावर?”

“नांव घ्यावें असा कोणावर नाहीं.”

“मग आम्हीं धरावें तरी कोणाला?”

हवालदार कांहीं दुष्ट मनुष्य नव्हते. त्यांनीं वहींत चार ओळी लिहून घेतल्या, आंकडा घातलेली एक चिठ्ठी दिली, आणि समजावून सांगितलें कीं, माल पांच हजारांच्या आंतला असल्यामुळें हा गुन्हा अदखलपात्र आहे; पाहिजे तर आपण कोर्टांत जावें. काकांनीं चिठ्ठीची घडी करून बंडीच्या खिशांत ठेविली. बसच्या थांब्यावर आल्यावर ते मला म्हणाले, “भाऊ, आजची मजुरी आणि दोघांचें भाडें धरलें तर वायर आतां पांच हजारांच्या वर गेली!”

आमच्या आळींतील एका आजीबाईंची पाठ त्याच सुमारास चोरीस गेली. पुढें व्याली असती तर तिच्या करडांवर आजीबाईंचें वर्ष निघालें असतें. त्या ठाण्यावर गेल्याच नाहींत. मजुरीचा एक दिवस शेळीपायीं बुडाला, दुसरा शेळी शोधण्यांत बुडाला; तिसरा फिर्यादींत बुडवावयाची त्यांची ऐपत नव्हती. देशांतील गुन्ह्यांची मोजदाद १९५३ सालापासून दरवर्षीं प्रसिद्ध होत असते. त्या मोजदादींत आजीबाईंची पाठ कोठेंच नाहीं, आणि तिच्यासारख्या किती असतील हें कोणासही सांगतां येणार नाहीं.

हवालदारांनीं सांगितलेलें खरें कीं खोटें, हें समजून घेण्याची मला उत्सुकता लागली, म्हणून एका परिचित वकिलांकडून मीं कायदा समजावून घेतला. जुन्या १८६० च्या दंडसंहितेंत चोरी लहान असो वा मोठी, ती दखलपात्रच असे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें मात्र पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची साधी चोरी अदखलपात्र केली. चोर प्रथमच दोषी ठरला असेल व त्यानें माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्यास तुरुंगांत न धाडतां समाजसेवेची शिक्षा द्यावी, असेंही त्याच कलमांत म्हटलें आहे. भुकेपोटीं एकदां हात मारणाऱ्यास अट्टल गुन्हेगारांच्या संगतींत लोटूं नये, हा विचार दयेचा आहे व मला तो मनापासून पटतो. परंतु दया दाखविण्यापूर्वीं चोर सांपडावा तर लागतो! अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून पोलिसांस करतां येत नाहीं, आणि तो हुकूम मागण्यास फिर्यादीनें कोर्टाची पायरी चढावयाची. शहाण्यानें ती चढूं नये असें आपले वाडवडील सांगत आले. साडेचार हजारांसाठीं ती चढणार कोण? श्रीमंताच्या घरीं पांच हजारांची वस्तु गेली तर ती सणासुदीच्या खर्चांत मुरते. मजुराच्या घरीं तेवढ्यांत महिन्याचें धान्य येतें. कायद्याच्या कांट्यावर मात्र दोन्ही चोऱ्या सारख्याच हलक्या भरतात.

याच कायद्यांत लोकांच्या बाजूच्या गोष्टीही आहेत, आणि त्या फारच थोड्यांना ठाऊक असतात. राहत्या घरांतून वस्तु गेली तर ती कितीही स्वस्त असली तरी गुन्हा दखलपात्रच ठरतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलिसांनीं नोंदविलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ललिता कुमारी खटल्यांत नोव्हेंबर २०१३ मध्यें दिला आहे. खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते. ‘आमच्या हद्दींतलें नाहीं’ म्हणून परत धाडतां येत नाहीं. ती घरबसल्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेंही पाठवितां येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यावर नकार मिळाल्यास तीच हकीकत लिहून टपालानें जिल्हा पोलिस अधीक्षकांस धाडावी, आणि तेथेंही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे जावें.

दोष सर्वस्वीं पोलिसांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. मोजक्या शिपायांनीं अनेक गांवें संभाळावयाचीं. त्यांत निवडणुका, उत्सव व पुढाऱ्यांचे दौरे यांचा बंदोबस्त. शिवाय वहींत गुन्हे वाढले म्हणजे ठाण्याचा कारभार वाईट असें वरिष्ठांस वाटतें. मग खालच्या अंमलदारास लेखणी उचलण्याचा उत्साह कोठून यावा? जो प्रामाणिकपणें सर्व चोऱ्या लिहून घेईल त्याच्यावरच बोल यावा, ही रीतच उलटी आहे.

हा अविश्वास आजचा नव्हे. पेशवाईच्या अखेरीस गांवच्या चोरीची जबाबदारी गांवच्या राखणदारावर असे, हें एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं लिहिलेल्या अहवालांत नमूद आहे. राखणदारानें चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावें, तेथून पुढें शेजारच्या गांवच्या राखणदारानें तो घ्यावा. माग न लागला तर भरपाई द्यावी. त्यांत गरीब राखणदारावर अन्याय होई हें उघड आहे, परंतु माग काढण्यास कोणीतरी तत्काळ निघे हेंही खरें. पुढें १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें जी पोलिस व्यवस्था बसविली, तिचा मुख्य हेतु राज्य शाबूत राखण्याचा होता. लॉर्ड कर्झन यांनीं १९०२ सालीं नेमलेल्या फ्रेझर कमिशननेंच पोलिसांस लोकांचा विश्वास मिळवितां आला नाहीं असा अभिप्राय दिला. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, आणि आमच्याच वयाचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती धारातीर्थीं पडले. राज्य बदललें, पोलिस आपले झाले. पण ठाण्याची पायरी चढतांना वाटणारी धास्ती कांहीं घरांतून अजून गेलेली नाहीं.

म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असें म्हणतात. वायर चोरणारा सोकावतो ही एक भीति झाली. तिच्याहून मोठी भीति लोकांविषयीं आहे. ‘पोलिस कांहीं करीत नाहींत, आपणच पाहूं’ हें वाक्य आमच्या गांवांतही मीं ऐकलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं शेजारच्या धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें काय झालें तें आठवावें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. बाजाराच्या दिवशीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ग्रामपंचायतीच्या कचेरींत मारून टाकलें. चोर सोडून संन्याशाला सुळीं, ही म्हण तेथें अक्षरशः खरी झाली. आणि असा संशय बहुधा गरिबांवर व भटक्यांवरच जातो. इंग्रजांनीं १८७१ सालीं कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो १९५२ सालीं देशभर रद्द झाला, तरी लोकांच्या मनांतून तो पुसला गेला नाहीं. म्हणून चोर न धरल्याचा राग ज्याच्या घरीं दिवा नाहीं अशा परक्यावर निघूं नये, याची काळजी आपण सर्वांनीं वाहिली पाहिजे.

मग उपाय काय? माझ्या अल्पबुद्धीस असें वाटतें कीं, चोर न सांपडला तरी लोक पोलिसांस क्षमा करतील; पण कोणी विहिरीपर्यंत आलेंच नाहीं, हें ते विसरत नाहींत. एक शिपाई येऊन राख पाहून गेला असता, भंगार घेणाऱ्यांकडे दोन प्रश्न विचारले असते, महिन्यानें ‘अद्याप तपास नाहीं’ एवढा निरोप धाडला असता, तरी काकांचें समाधान झालें असतें. मॅजिस्ट्रेटचा हुकूम नाहीं म्हणून तपास न झाला, तरी गस्तीस व विचारपुशीस कोणता कायदा आड येतो? चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हाही गुन्हाच आहे. विकत घेणारा नसेल तर वायर जाळण्याचे श्रम कोण करील? प्रत्येक गांवास पोलिस पाटील नेमण्याची तरतूद १९६७ च्या कायद्यानें आहे. त्याच्याकडे दर चोरीची, मग ती कोंबडीची कां असेना, तारीखवार नोंद राहिली, तर एकाच पंधरवड्यांत एकाच शिवारांतून सात वायरी गेल्या हें वरिष्ठांच्या नजरेस येईल. सात वायरी मिळून कोणी क्षुल्लक म्हणणार नाहीं.

आम्हां विद्यार्थ्यांसही येथें काम आहे. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचा अर्ज आपण लिहून द्यावा, त्यांत दिवस, वेळ, वस्तु व खुणा स्पष्ट घालाव्या, आणि नक्कल मागण्यास त्यांच्याबरोबर जावें. घरांतील मोटार, सायकल व मोबाईल यांचे नंबर आणि पावत्या एका वहींत ठेवाव्या. आमच्या घरीं अशी वही मीं सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर ती हवालदारांची चिठ्ठी चिकटविली आहे. पुढच्या खेपेस आजीबाई ठाण्यावर निघाल्या, तर त्यांचा अर्ज लिहिण्यास मी तयार आहें. आई-वडिलांस विनंति एवढीच कीं, ‘आपलें काय अडलें आहे’ असें म्हणून त्यांनीं आपल्या मुलांस अशा कामापासून परावृत्त करूं नये.