ऐकणारं माणूस

मिरजेच्या आमच्या घरात दुपारची जेवणं उरकली, की माजघरात बायकांची बैठक बसायची. हाताला काही ना काही काम असे. वाती वळणं, गहू निवडणं, शेंगा फोडणं. खरं काम मात्र बोलण्याचं. त्यात सगळ्यांत कमी बोलायची ती माझी आजी, आणि बायका यायच्या त्या तिच्याचकडे. शेजारच्या वाड्यातली एक सून तर येऊन नुसती रडत बसे. आजी तिला पाणी द्यायची, निवडायचं सूप तिच्या पुढ्यात सरकवायची आणि गप्प राहायची. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणायची, "बरं, मग?" त्यावर ती बाई दिवेलागणीपर्यंत बोलायची. ती गेल्यावर आम्ही पोरी विचारायचो, काय झालं होतं गं तिला? उत्तर ठरलेलं होतं, "काही नाही, डोळे आलेत तिचे."

पुढे कळलं, की त्या बाईला कायद्याने वाट मोकळी होती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच झाला होता आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ती सोय जवळपास देशभर झाली. पण कायद्यापर्यंत जायला आधी कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि तिच्या बोलण्याची मजल आमच्या माजघरापर्यंतच होती. आजीने तिला ना सासरी राहा म्हटलं, ना माहेरी जा म्हटलं. आज वाटतं, तिला त्या घरात तगून राहता आलं त्यात त्या दुपारांचा मोठा वाटा होता.

आजी गेली, वाडा पडला, मी शिकायला पुण्यात आले. वसतिगृहात एक मैत्रीण मिळाली, रात्री गच्चीवर तासन्‌तास बोलायचो. मग लग्न झालं, आणि ऐकणारं माणूस आता घरातच आलं असं वाटलं. काही वर्षं ते खरंही होतं. नंतर काय बिघडलं ते इथे सांगणार नाही. ते आम्हा दोघांचं आहे, आणि त्यातला दुसरा माणूस इथे उत्तर द्यायला हजर नाही.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्यावर जीव असलेली माणसं खूप होती, पण त्यांतलं कुणीच माझं ऐकू शकत नव्हतं. आईला मध्येच रडू यायचं आणि मग मीच तिची समजूत घालत बसायचे. भावाला माझ्या नवऱ्याचा राग होता. मी त्याच्याबद्दल एखादा चांगला शब्द बोलले, तर तो भावाला खपत नसे. मावशी म्हणाली, "संसार टिकवावा लागतो, आपोआप टिकत नाही." मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस. प्रत्येकाने आपापली बाजू धरली होती. मला बाजू नको होती. मी एकाच दिवसात सकाळी सुटल्यासारखं वाटून घेत होते, दुपारी हमसून रडत होते आणि रात्री त्याने जेवण केलं असेल का, या विचाराने जागी राहत होते. हे तिन्ही एकत्र ऐकून घेणारं माणूस त्यांच्यात नव्हतं, कारण माझ्या दुःखात त्यांचंही दुःख मिसळलेलं होतं.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. १९८४च्या कायद्यानेच ती सोय केली आहे. अर्ज दाखल झाला, की बहुधा पहिली भेट त्यांचीच. आमच्या समुपदेशक बाई मायाळू होत्या. त्यांच्या टेबलावर दोऱ्याने बांधलेल्या फायलींची चळत होती आणि दाराबाहेर बाकावर पुढची जोडपी बसलेली दिसत होती. त्यांनी मला शांतपणे विचारलं, एकत्र राहण्याची काही शक्यता वाटते का, मनावर कुणाचा दबाव आहे का, देण्याघेण्याचं ठरलं आहे का. प्रश्न योग्यच होते. परंतु त्यांना प्रकरण मार्गी लावायचं होतं आणि मला माझं आयुष्य. ही दोन कामं वेगळी आहेत, हे वकिलांना ठाऊक असतं, समुपदेशकांना ठाऊक असतं. पक्षकाराला कुणी सांगत नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांची मुदत असते. योग्य कारण असेल तर न्यायालय ती माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं आहे. विचार बदलायला वेळ मिळावा, म्हणून ती मुदत. विचार बदलला नाही तर हुकूमनामा मिळतो. त्यानंतर मनाचं काय, याची मात्र कायद्यात कुठेच तरतूद नाही. हुकूमनामा झाला, शिक्क्याची प्रत हातात आली आणि त्या बाईंशी असलेला संबंध संपला.

खरी पडझड त्यानंतर झाली. माणूस गेलं तर आपल्याकडे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारून पिठलंभात येतो, कुणीतरी रात्री सोबतीला झोपतं, दहावा-तेरावा करता करता रडण्याला एक वेळापत्रक मिळतं. घटस्फोटाला सुतक नाही. सोमवारी निकाल लागला आणि मंगळवारी मी कामावर होते. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ताण देणाऱ्या घटनांना गुण देऊन एक यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १००, आणि त्याखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर घटस्फोट, ७३. ही यादी मी पुढे पाहिली. ती पाहून मला बरं वाटलं, कारण तोवर मला लोक एकच सांगत होते, की आता तर सगळं संपलं, आता काय रडायचं?

झोप पार उडाल्यावर मी मदत शोधू लागले. ओळखीतून एका बाईंचं नाव कळलं. दारावर 'काउन्सेलर' अशी पाटी होती. त्यांनी माझं दहा मिनिटं ऐकलं आणि नंतर स्वतःच्या सुखी संसाराची गोष्ट सांगितली. निघताना म्हणाल्या, बाईने थोडं नमतं घेतलं तर घरं मोडत नाहीत. हे तर मावशीने फुकट सांगितलं होतं.

यानंतर मी चौकशी केली ती नीट केली, आणि ती इथे मुद्दाम मांडते, कारण हे घोटाळे सगळ्यांचेच होतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर; औषधं लिहिण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ती नोंदणी आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे आणि विचारल्यावर चांगला माणूस चिडत नाही. समुपदेशक ही पाटी मात्र नुसत्या हौसेवरही लावलेली आढळते. त्यांत उत्तम शिकलेली, तयारीची माणसं पुष्कळ आहेत. म्हणूनच शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलंत, घटस्फोटातून गेलेल्यांबरोबर काम केलं आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारावं. लग्नाआधी आपण मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशा करतो. हा माणूस तर आपल्या मनात शिरणार असतो.

मी आधी एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि त्याच कागदावर खाली एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव लिहिलं. म्हणाले, "गोळीने झोप येईल. बाकीचं बोलावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल." इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मिळणं हे नशीबच.

त्या बाईंची खोली साधी होती. दोन खुर्च्या, मध्ये रुमालांचा डबा, आणि घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळेची काळजी त्यांनी करायची, मी नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच मला तो नियम मोडावा लागेल. मला आजीचं "डोळे आलेत तिचे" आठवलं.

एकदा मी म्हणाले, "मला संसार टिकवता आला नाही." त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं, वही माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, "हे वाक्य कुणाचं आहे?" मी बराच वेळ बघत राहिले. वाक्य मावशीचं होतं. तिचं तिच्यापाशी ठीक असेल. मी ते उचलून रोज स्वतःला ऐकवत होते. घटना एक असते आणि तिच्याबद्दल आपण मनाशी जे बोलतो ते दुसरंच, आणि छळतं बहुतेक वेळा हे दुसरं, असं अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं म्हणणं आहे. कि. मो. फडके यांनी ते मराठीत रुजवलं आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने ते घराघरांत पोहोचवलं. मी ते वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या अक्षरात समोर दिसणं वेगळं.

आणखी एका दिवशी त्यांनी विचारलं, "नवऱ्याव्यतिरिक्त आणखी कोण कोण गेलं?" हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. मी नणंदेबद्दल बोलू लागले. तिच्या धाकट्या मुलीला दर दिवाळीत मी किल्ल्यावरचे मावळे घेऊन जायचे. सासूबाईंचा रविवारचा फोन, त्यांच्या हातचं मेतकूट. कागदावर एका माणसापासून फारकत होते, प्रत्यक्षात एक अख्खं घर जातं, आणि त्यांच्यासाठी रडायला मला कुणाचीच परवानगी नव्हती. त्या दिवशी मी वेळ संपेपर्यंत फक्त नणंदेबद्दल बोलले. नंतर काही महिन्यांनी तिला फोन केला. आता आम्ही वर्षातून दोनतीनदा बोलतो. तिच्या भावाचा विषय दोघीही काढत नाही.

उपचार एका दिवसात लागू पडत नाही, आणि स्वस्तही नाही. एका भेटीला हजार-दीड हजार रुपये सगळ्यांना परवडत नाहीत. अशांसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर अगदी थोड्या पैशांत निघतो. १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहिलं माणूस जुळलं नाही तर दुसरं शोधावं. न जुळण्यात कुणाचा अपमान नाही.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत घ्यायला रोज कितीतरी माणसं न्यायालयाच्या खिडकीशी उभी असतात. त्या प्रतीसोबत एक साधा कागद द्यावा, अशी माझी कौटुंबिक न्यायालयांना आणि उच्च न्यायालयाला विनंती आहे. त्यावर जिल्ह्यातल्या सरकारी मानसोपचार विभागाचा पत्ता, टेलिमानसचा क्रमांक आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञांची यादी असावी. खर्च एका पानाच्या झेरॉक्सचा आहे.