गालात ओटी

खर्ड्यात हॅमस्टर पाळायचा म्हणजे दर आठवड्याला एका प्रश्नाला तोंड द्यायचं: ‘उंदीर पाळलाय व्हय?’ सुरुवातीला मी समजावून सांगायचो. याला शेपूट नावापुरतीच असते, हा वेगळ्या कुळातला, मूळचा सीरियाचा वगैरे. आता सांगत नाही. दोघंही कुरतडणारे, दोघांचेही पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात आणि दोघांनाही दुसऱ्याच्या शेतातलं धान्य आवडतं. विचारणारा फार चुकत नाही.

आमचं गाव लोकांना माहीत आहे ते १७९५ च्या लढाईमुळे, नाहीतर किल्ल्यामुळे. हॅमस्टर इथे यायचं काही कारण नव्हतं. पुण्यात माझ्या रूममेटने दोन घेतले होते. दुकानदाराने ‘जोडी आहे, एकमेकांना सोबत होते’ असं सांगून एकाच पिंजऱ्यात दिले. महिन्याभरात एकाचा कान फाटला. सीरियन हॅमस्टर मोठा झाला की त्याला दुसरा हॅमस्टर चालत नाही, भाऊसुद्धा नाही. मग दोन पिंजरे झाले. रूममेटला कॅनडाचा व्हिसा मिळाला तेव्हा एक हॅमस्टर त्याच्या मैत्रिणीकडे गेला आणि दुसरा माझ्याकडे आला. माझं काम तोवर कायमचं घरून झालं होतं. लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि हॅमस्टर घेऊन मी गावी आलो.

आजीने त्याला पहिल्यांदा शेंगदाणे खाताना पाहिलं. खाताना म्हणजे भरताना. एकामागून एक सात दाणे गालात गेले आणि तोंडाचा आकार खांद्यापर्यंत फुगला. या गालांच्या पिशव्या खरोखरच खांद्याच्या मागे जातात. आजी उभं आयुष्य हरभरा आणि तूर वेचत आलेली. ती म्हणाली, “ह्याची ओटी गालातच हाय की!” आणि नाव ठेवलं, बोचक्या. हॅमस्टर हा शब्द जर्मन आहे आणि त्या भाषेत त्यावरून साठेबाजी करणं असं क्रियापदही झालंय. आजीला हे सांगितल्यावर ती जुन्या पेवाबद्दल बोलत बसली. जमिनीत खड्डा, त्यात ज्वारी, वर माती. बोचक्याही जमिनीखाली तेच करू पाहत होता, फक्त त्याला जमीन नव्हती.

हे माझ्याआधी अण्णांच्या लक्षात आलं. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्याला उकरायला जागा कुठंय?” अण्णांना बिळं कळतात, कारण त्यांचा त्यांच्याशी आयुष्यभराचा झगडा आहे. संध्याकाळी शेतातल्या सगळ्या बिळांची तोंडं मातीने बुजवायची आणि सकाळी बघायचं. जे उघडलं ते जिवंत बीळ, औषध त्यातच टाकायचं. उंदीर फार संशयी, म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवायचं आणि तो निर्धास्त झाला की मग झिंक फॉस्फाइड मिसळायचं. नवीन हॅमस्टरला हाताची सवय लावताना अगदी हेच करतात. पहिले काही दिवस नुसता हात आणि हातावर एखादी सूर्यफुलाची बी. फक्त पुढचं पाऊल वेगळं. हा विचार मला फारसा आवडला नाही, पण तो खरा आहे.

जुन्या गोठ्यात सिमेंटची एक गव्हाण रिकामी होती. चार फूट लांब, दीड फूट खोल. गोठ्याच्या भिंती जाड दगडी आणि वर माळवद, त्यामुळे बाहेर चाळीसच्या वर पारा गेला तरी आत बरं असतं. अण्णांनी आणि मी ती धुऊन घेतली. तळाशी फूटभर कागदाच्या पट्ट्या, सुकं गवत आणि चाळलेली माती दाबून भरली आणि वरून मांजर आणि सापासाठी बारीक जाळी टाकली. पहिल्या रात्री बोचक्या आत शिरला तो सकाळपर्यंत दिसलाच नाही. आई घाबरली. मला मात्र पहिल्यांदाच तो आनंदात असावा असं वाटलं.

बाकीची निगा साधी आहे, फक्त खेळण्यांच्या दुकानातून शिकू नये. चाक लहान असलं की पाठ उलटी वाकते. मोठ्या जातीला अकरा इंचांचं लागतं. आंघोळ घालायची नाही, वाटीभर कोरडी वाळू ठेवली की तो स्वतःच लोळतो. कांदा, लसूण, लिंबू नको. उन्हाळा हा खरा शत्रू: त्याला वीस-बावीस अंश मानवतात, तिशीच्या पुढे जीव धोक्यात येतो. एप्रिल-मे मध्ये मी शहाबादी फरशीचा तुकडा गव्हाणीत ठेवतो आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात. वीज गेली की बाटलीही गेली, म्हणून शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये दोन जादा.

आईची तक्रार वेगळीच. “एकटं जीव, करमत नसंल त्याला. जोडी आण एखादी.” आणि माझ्याकडे बघून, “दोघांचीबी.” बोचक्याला एकटंच करमतं हे मी तिला पटवू शकलेलो नाही. माझ्याबद्दल तर प्रयत्नही करत नाही.

माझे क्लायंट अमेरिकेत आहेत, म्हणून रात्री दीडपर्यंत मी गोठ्याशेजारच्या खोलीत कॉलवर असतो. चाकाचा आवाज येत राहतो. मला वाटायचं, चला, एक तरी प्राणी मूळचाच निशाचर आहे. मग एक अभ्यास वाचला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. दक्षिण तुर्कस्तानातल्या शेतांत संशोधकांनी रानटी माद्यांवर लक्ष ठेवलं, तर त्या जवळजवळ पूर्णपणे दिवसा बाहेर पडत होत्या. पिंजऱ्यातला हॅमस्टर मात्र रात्री जागतो. का, याचं ठाम उत्तर नाही. शेतकऱ्याच्या घरात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला त्या रात्री जरा बरं वाटलं, एवढं नक्की.

त्याच्या कुळाची कथा अजून विचित्र आहे. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले सॉल अ‍ॅडलर काळा आजाराच्या गटातल्या रोगावर काम करत होते. चिनी हॅमस्टर बंदिवासात वाढत नव्हते. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात गेले आणि खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. पेटीत मादीने एका पिल्लाला मारलं, म्हणून तिलाही मारण्यात आलं. काही पिल्लं पळाली. जी उरली त्या भावंडांतूनच जगभरातले जवळजवळ सगळे पाळीव सीरियन हॅमस्टर आले. बोचक्याचं घराणं म्हणजे एक बीळ. आणि प्रयोगशाळेने त्यांना पुरतं सोडलेलं नाही. कोव्हॅक्सिन सर्वसामान्यांना देण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत ती सीरियन हॅमस्टरांवर तपासली गेली. आमच्या घरातल्या चौघांनी तीच लस घेतली. हे आजीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी दोन दाणे जास्त टाकले.

तिकडे सीरिया-तुर्कस्तानच्या शेतांत मात्र तो आजही हरभऱ्या-मसुराचा नास करणारा उंदीरच आहे. शेतकरी त्याला विष घालतात आणि मूळ जात आता संकटात आहे. गेल्या रब्बीत हे मी अण्णांना सांगितलं. आमच्या हरभऱ्यात तेव्हा उंदीर फार झाले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग तिकडचा शेतकरी काय करणार? उपाशी बसणार?” मला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिळं बुजवली, तिसऱ्या दिवशी उघडलेली मोजली. बावीस. मी सोबत होतो. या वेळी घुबडांसाठी बांधावर चार पक्षिथांबेही लावले, वाळक्या फांद्यांचे. औषध टाकायचं त्यांनी सोडलं नाही आणि मीही सोडा म्हणालो नाही. एवढंच झालं की पुडीचे हात घेऊन ते गोठ्यात येत नाहीत. आधी साबणाने दोनदा हात धुतात, कपडे बदलतात.

बोचक्या आता दोन वर्षं आणि काही महिन्यांचा आहे. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. दर रविवारी मी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. एकशे चाळीस ग्रॅमवरून एकशे अठरावर आलाय. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आयुष्यात म्हशीच तपासल्या असाव्यात, पण त्याला तळहातावर घेऊन पाच मिनिटं दात, डोळे, पोट पाहिलं आणि म्हणाले, “म्हातारा झालाय, बाकी काही नाही.” पैसे घेतले नाहीत.

चाक आता क्वचितच फिरतं. दाणे मात्र गालात भरून तो आत नेतो आणि डाव्या कोपऱ्यातल्या साठ्यावर ठेवतो. गव्हाण साफ करताना मी ओले, बुरसलेले तेवढे दाणे काढतो. बाकीचा साठा होता तिथेच ठेवतो.