वांगणीस मंगळदर्शन

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने बदलापूर सोडले की पुढचे स्थानक वांगणी. शहराच्या दिव्यांचा लखलखाट येथे बराच मागे पडतो. म्हणून मुंबईची खगोलप्रेमी मंडळी कित्येक वर्षे आकाशदर्शनासाठी या गावी येत आली आहेत. २०२५ च्या जानेवारीत आम्हीही सहकुटुंब तेथे गेलो. निमित्त मंगळाचे होते.

सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा पृथ्वी मंगळास गाठते. त्या खेपेस ता. १२ रोजी तो नऊ कोटी साठ लाख किलोमीटरांवर आला होता. २००३ च्या ऑगस्टात हेच अंतर साडेपाच कोटींच्या किंचित वर होते खरे. परंतु आमच्याकडे तेव्हा पर्जन्यकाळ! दूरचा का होईना, पौषातला निरभ्र मंगळ बरा. ता. १२ ला चंद्र पौर्णिमेस टेकलेला, म्हणून आम्ही शनिवार ता. २५, वद्य एकादशीची काळोखी रात्र निवडली. रताळ्याचा कीस व दाण्याचे लाडू बरोबर होतेच.

सोबत माझ्या वहिनी व त्यांची नात होती. मुलगी सुशिक्षित, मिळवती. पण पत्रिकेत सप्तमस्थानी मंगळ, आणि तेवढ्यापायी जमत आलेले एक स्थळ मागे गेलेले. "ज्याने घरात एवढा घोळ घातला, त्याच्या दर्शनाला गाडीभाडे खर्चून जायचे?" असे वहिनी बदलापूरपर्यंत म्हणत होत्या.

सूर्यास्तानंतर पश्चिमेस शुक्र झळाळू लागला. त्याच्या खाली शनी. दुर्बिणीतून त्याची कडी सुईने ओढलेल्या रेघेएवढी दिसली, कारण त्या वर्षी ती आपल्याकडे जवळजवळ धारेने वळली होती. माथ्यावर रोहिणीजवळ गुरू. आणि पूर्वेस, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी, तांबूस व स्थिर तेजाचा मंगळ. जवळ आला त्या दिवशी पंचांगात तो कर्केचा, म्हणजे नीचीचा, आणि वर वक्री! फलज्योतिषाने ज्यास नीच ठरविले, तो आकाशात मात्र व्याधाशी तेजाची बरोबरी करू पाहत होता. हा विरोध मला मोठा मौजेचा वाटतो.

वक्रगती म्हणजे तरी काय? शेजारच्या रुळावरील धीम्या गाडीस आपली जलद गाडी ओलांडू लागली की ती मागे सरकल्यासारखी भासते, तितकेच. वरळीच्या नेहरू तारांगणासारख्या घुमटाखाली महिन्यांची ग्रहगती मिनिटांत दाखविता येते. मुलांस ही गोष्ट तेथे चटकन उमगते, ढगांचेही भय नसते. पण तेथील मंगळ हा यंत्राने पाडलेला ठिपका. वांगणीस डोळ्यांत शिरला तो सुमारे साडेपाच मिनिटांपूर्वी खुद्द मंगळावरून निघालेला प्रकाश.

दहाच्या पुढे वहिनींची पाळी आली. दुर्बिणीत नारिंगी, वाटोळे, लहानसे बिंब आणि कडेस पांढुरका ठिपका दिसत होता. तो ध्रुवावरील बर्फ, आणि तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा, असे नातीने सांगितले. व्यास पृथ्वीच्या निम्म्याच्या जरा वर. दिवस मात्र आपल्यासारखाच, चोवीस तास सदतीस मिनिटांचा. अमरकोशात त्यास भौम, महीसुत म्हटले आहे, ही माझी पुस्ती.

"म्हणजे भूमीचाच मुलगा?" वहिनी म्हणाल्या. "आणि आपण त्याला पाहून पत्रिका परत करतो!" मग शाळकरी पोरांच्या मागे त्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.

परतीच्या गाडीत नातीने विचारले, "आजोबा, पुन्हा केव्हा जवळ येणार?" मी म्हटले, फेब्रुवारी २०२७ मध्ये, अंतर दहा कोटींच्या थोडे वर.

वहिनी पेंगत होत्या असे आम्हांस वाटले होते. "तोवर जावई मिळाला," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तर त्यालाही आणू. आधी दुर्बिणीतून बघ म्हणावे, मग पत्रिका."