वलवणची आत्या मुंबई पाहते

मुंबईत वीस वर्षे काढलेल्या माणसाला मुंबई दाखवता येतेच असे नाही. मला हे माझ्या आत्याने शिकवले.

आत्या वलवणची. गाव आता लोणावळा नगरपरिषदेत मोडते, पण ती अजूनही "लोणावळ्याला जाऊन येते" असे सांगूनच बाजाराला निघते. वय पंचाहत्तर. आजवर तीनदा मुंबईला आली, तिन्ही वेळा इस्पितळात. गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "मास्तर, एकदा मुंबई बघून घेते. आमचं पाणी कुठं जातं, तेबी बघायचंय."

मी लगेच आराखडा केला. तीन दिवस, अकरा ठिकाणे! पहिल्याच सकाळी, नोकरदारांच्या ऐन गर्दीत, तिला लोकलमध्ये कोंबून राणीच्या बागेशी नेले. फाटक बंद. बुधवारी बाग बंद असते, हे मला फाटकावरच्या पाटीने सांगितले. आत्या कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "मुंबई बघायला आलोय का मोजायला?"

तेव्हा ज्यांच्याकडे दिवाळीनंतर गावचे पाहुणे यायचे आहेत, त्यांना अनुभवाने सांगतो. दिवसाला दोन ठिकाणे पुष्कळ झाली. सकाळी अकराच्या आत वडीलधाऱ्यांना लोकलचे दर्शन घडवू नये. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. शिवाय होडीचा तासभराचा प्रवास आणि वर शंभरावर पायऱ्या, म्हणजे गुडघ्यांची परवानगी आधी काढावी. आणि बोरीबंदरला उतरलात तर तसेच टॅक्सीकडे धावू नका. भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीसमोर जा आणि मागे वळून पाहा. ते स्थानक २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मी रोज त्यातून बाहेर पडतो; पण त्याच्या भिंतीवर दगडी मोर आणि माकडे आहेत, ती आत्याने मला दाखवली. तिची नजर अधू, बरे का!

जुन्या लाल दुमजली बसगाड्या २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या, विजेवर चालणाऱ्या दुमजली गाडीत वरच्या मजल्यावर बसून आम्ही फोर्टात फिरलो. गेटवेपाशी तिने फक्त समुद्र पाहिला. पंचम जॉर्जच्या १९११ मधल्या भेटीची ही कमान १९२४ मध्ये खुली झाली, हे माझे व्याख्यान वाऱ्यावर गेले.

खरा प्रश्न संध्याकाळी घरी निघाला. नळाखाली हात धरून तिने विचारले, "हे आमचंच ना?"

तिच्या आजेसासऱ्यांची भातखाचरे वलवणच्या धरणाखाली गेली. 'मुंबईला पाणी पाहिजे म्हणून' एवढेच घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मला खरे सांगावे लागले. आपल्या नळाला येते ते तानसा, वैतरणा, भातसा या बाजूचे पाणी. वलवणचे पाणी इंद्रायणीचे. ते देहू-आळंदीवरून भीमेला मिळून पूर्वसमुद्राकडे जायचे. धरणात अडवून त्याला पश्चिमेकडे वळवले. सुमारे १,७०० फूट नळांतून खाली खोपोलीला सोडून त्यावर जनित्रे फिरवायची, आणि मग पाताळगंगेत. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. म्हणजे मुंबईला आली ती वीज, पाणी नव्हे.

आत्या बराच वेळ बोलली नाही. शंभर वर्षे उराशी धरलेली गोष्ट मी एका वाक्यात खोडली, असे मला वाटून गेले. मग ती म्हणाली, "मग वीज दाखव."

दुसऱ्या दिवशीचा सारा आराखडा रद्द केला. दुपारी झोप काढली आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो. (हे मात्र नक्की करा. अंधार पडल्यावर गेलात तर दिवे दिसतात, लागताना दिसत नाहीत.) सूर्य बुडाला. जरा वेळाने दिव्यांची ओळ उजळली आणि चौपाटीच्या वळणावरून थेट मलबार हिलकडे गेली. आत्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ह्यातला आमचा कुठला?"

आता साऱ्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत, कुठल्या दिव्यात कुठली वीज ते कोणालाच सांगता यायचे नाही, असे मी म्हणालो.

"मग त्यो शेवटला आमचा," असे तिने परस्पर ठरवून टाकले, आणि भेळ मागवली.

रात्री घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातला दिवा बंद केला, बाहेरच्या खोलीतला केला. बोळातला दिवा रात्रभर असू दे, असे हिने सांगितले, तर आत्या बटणावर हात ठेवूनच म्हणाली, "कशाला?"